कोणीच नको म्हणजे कोणीच नको

कामेच्छा नसलेला धडधाकट माणूस असूच शकत नाही, असं मी कित्येक वर्षं मानत होते. नुसतं मानत नव्हते, लोकांना तसं सांगत होते आणि सांगण्याचे पैसे घेत होते. पुण्यात विवाहपूर्व मार्गदर्शनाचे वर्ग घेणं आणि लग्नात अडलेल्या जोडप्यांशी बोलणं हा माझा व्यवसाय. वर्गात माझं एक ठरलेलं वाक्य असायचं: ज्याला भूकच लागत नाही तो आजारी तरी असतो, नाहीतर रुसलेला तरी. मुलंमुली हसायची. वाक्य छान जमलंय असं मलाही वाटायचं.

हे वाक्य माझ्याकडे आलं कुठून, तेही सांगते. आमच्या घरात र. धों. कर्वे म्हणजे जवळजवळ कुलदैवत. वडिलांकडे ‘समाजस्वास्थ्य’चे काही अंक पुठ्ठ्याची बांधणी करून ठेवलेले होते आणि ते कुलूपबंद नव्हते, याचा वडिलांना अभिमान होता. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणारा, नोकरीवर पाणी सोडणारा, १९२७पासून थेट मरेपर्यंत एकहाती मासिक चालवणारा हा माणूस आमच्या जेवणाच्या पंगतीत रोज असायचा. १९३४च्या खटल्यात कर्व्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं, ही गोष्ट मला शिवाजी महाराजांच्या गोष्टींच्या आधी कळली होती. ब्रह्मचर्य हा संततिनियमनाचा उपाय आहे असं गांधीजी सांगत असताना कर्वे त्याची चिरफाड करत होते, हे ऐकत मी मोठी झाले. त्यातून मी तीन गोष्टी पक्क्या केल्या. वासना नैसर्गिक आहे. तिची लाज वाटणं अनैसर्गिक आहे. म्हणून, मला वासना नाही असं जो म्हणतो त्याला लाज वाटते आहे. यातली पहिली दोन वाक्यं कर्व्यांची. तिसरं माझं. मी मात्र तिन्ही त्यांच्याच नावावर खपवत होते.

तसं पाहिलं तर लग्नाविना राहणारी माणसं आपल्याला अनोळखी नाहीत. बोहल्यावर ‘सावधान’ ऐकून पळालेल्या रामदासांची गोष्ट आपण मुलांना कौतुकाने सांगतो. विनोबा आपले, संघाचे प्रचारक आपले, सेवादलातले आयुष्य वाहिलेले कार्यकर्तेही आपले. विचार कुठलाही असो, संसार न केलेल्या माणसाला आपण पाट मांडतो. अट एकच, त्याने कशासाठी तरी त्याग केलेला असला पाहिजे. पण त्याग करायला ती गोष्ट आधी हवीशी वाटावी लागते. एखादा माणूस बँकेत कारकून आहे, संध्याकाळी घरी येतो, कुंड्यांना पाणी घालतो, मालिका बघतो, झोपतो. त्याला ना बायको हवी ना देशसेवा. त्याच्यासाठी पाट नाही. त्याच्यासाठी कुजबुज आहे. पुरुष असेल तर ‘त्याच्यात काहीतरी कमी आहे’. बाई असेल तर ‘हिचं कुठेतरी फिसकटलं असणार’.

मी स्वतःला या कुजबुजीच्या बरीच वरची समजत होते. माझ्याकडे शास्त्रीय शब्द होते. थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन, नैराश्य, नैराश्यावरच्या गोळ्यांचे दुष्परिणाम, बालपणीचा आघात, धार्मिक घरातलं दडपण, आणि यातलं काहीच नसेल तर दबलेली समलैंगिकता. एवढे कप्पे असताना समोरच्याला कुठेतरी बसवता येणारच. कुजबुज निदान पाठीमागे होते. माझी समोर बसवून व्हायची आणि तिची पावतीही मिळायची.

एक गृहस्थ आठवतात. ओळख पटेल असं काहीही लिहीत नाही. बायको त्यांना घेऊन आली होती. लग्नाला काही वर्षं झालेली, संबंध जवळजवळ नाहीतच. तपासण्या सगळ्या व्यवस्थित. माणूस शांत, हसतमुख, बायकोबद्दल बोलताना डोळ्यांत माया. दोघं मिळून शब्दकोडी सोडवायची, सुट्टीत किल्ले चढायची. ते मला म्हणाले, “मॅडम, मला ती ओढच वाटत नाही. हिच्याबद्दल नाही असं नाही, कुणाबद्दलच नाही, कधीच नाही. मला त्याचं वाईटही वाटत नाही. वाईट वाटतं ते हिला त्रास होतो त्याचं.”

इतकं स्वच्छ बोलणं माझ्या खोलीत क्वचितच कुणी बोललं असेल. मी वहीत लिहिलं, ‘नाकारतो आहे’.

मग मी त्यांना मास्टर्स आणि जॉन्सनच्या पद्धतीचे स्पर्शाचे व्यायाम दिले. शाळेतल्या गृहपाठासारखे ते त्यांनी इमानदारीने केले. काही बदललं नाही. मी लहानपणाकडे वळले. कुणी त्रास दिला होता का? कुणी अंगाला हात लावला होता का? वेगवेगळ्या बाजूंनी, वेगवेगळ्या शब्दांत मी तोच प्रश्न विचारत राहिले. शेवटी ते अजिजीने म्हणाले, “काही झालेलं नसेल तर चालेल का?” मी त्यालाही टाळाटाळ समजले. नंतर ते यायचे थांबले. सहकाऱ्यांशी बोलताना मी हे उदाहरण ‘उपचार अर्धवट सोडणारे रुग्ण’ या सदरात सांगत असे.

त्यांच्या बायकोचंही मी नुकसान केलं, हे मला फार उशिरा कळलं. तिला मी म्हणत होते, वेळ द्या, होईल. ती देत राहिली. तिला खरं काय ते कळलं असतं तर राहायचं की निघायचं हे तिने डोळे उघडे ठेवून ठरवलं असतं. मी तिला आशा विकली, आणि ती माझ्याकडे नव्हतीच.

आता आत्याकडे येते. माझ्या समजुतीला तडा गेला तो तिच्यामुळे, आणि तोही मी तिच्यावर उपकार करायला गेले असताना.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. मुंबईला टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून साठच्या दशकात लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. लग्न केलं नाही. आमच्या घरात त्याचं एक अधिकृत स्पष्टीकरण होतं. हवाई दलातला एक पायलट होता, त्याच्यावर तिचं प्रेम होतं आणि तो १९६५च्या लढाईत गेला. लहानपणी मला ही गोष्ट इतकी आवडायची की मी त्या पायलटला मिशा दिल्या होत्या. आत्याच्या तोंडून मात्र कधी कुणी त्याचं नाव ऐकलं नव्हतं. तिला दुःख होईल म्हणून विचारायचं नाही, असा घरात दंडक होता. कसली सोय बघा. न विचारण्याला आम्ही हळुवारपणा म्हणत होतो.

मोठी झाल्यावर मी तो पायलट बाद केला आणि माझी स्वतःची गोष्ट रचली. आत्या दादरला दोन खोल्यांत राहायची, आणि तिच्याबरोबर अनेक वर्षं तिची एक नर्स मैत्रीण राहत होती. दोघींचा स्वयंपाक एकत्र, दोघींचं कपाट एक, दिवाळीला दोघी एका रंगाच्या साड्या घ्यायच्या. माझ्यासारख्या वाचलेल्या बाईला आणखी काय पुरावा हवा? आत्या समलैंगिक आहे आणि बिचारीला सांगता येत नाही, हे मी मनात नक्की केलं. आणि तिला मनातल्या मनात स्वीकारलंसुद्धा. केवढं मोठं मन!

६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७चा निकाल दिला. प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध आता गुन्हा राहिले नाहीत. मी टीव्हीसमोर रडले. गणपतीच्या आधीचा रविवार होता, तेव्हा मी आत्याकडे गेले. ती निवृत्तीनंतर पुण्यातच राहायला आली होती, मैत्रीण तोवर वारलेली होती. आत्या वाती करत बसली होती. मी तिच्यासमोर बसले, घसा साफ केला आणि म्हटलं, “आत्या, कोर्टाचा निकाल वाचलास ना? आता कशाची भीती नाही. माझ्याशी तू मोकळेपणाने बोलू शकतेस.”

“कशाबद्दल?”

मी तिच्या मैत्रिणीचं नाव घेतलं. आवाज शक्य तेवढा मऊ केला होता.

आत्याने वात मांडीवर तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. मग ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “अगं, तुम्हा लोकांना माझ्यासाठी कोणी ना कोणी लागतंच का गं? दादाने पुरुष शोधला, तू बाई शोधलीस. मला बाईही नको होती गं. कोणीच नको म्हणजे कोणीच नको.”

मी म्हटलं, “पण तुम्ही इतकी वर्षं...”

“राहिलो. छान राहिलो. तिला भाजणी चांगली जमायची, मला हिशेब. तिच्यावर माझा फार जीव होता. पण तू म्हणतेस ते नव्हे. ते मला कधी कुणाबद्दल झालंच नाही.”

खरं तर इथे मला शरमेने गप्प व्हायला हवं होतं. मी झाले नाही. हे लिहायला जड जातंय, पण मी तिथेच, तिच्या घरात, तिच्या चटईवर बसून माझी प्रश्नावली सुरू केली. लहानपणी काही झालं होतं का? आजीचा धाक होता का? आत्या आधी उत्तरं देत होती, मग थांबली. “तू आता बाईंसारखी बोलायला लागलीस,” ती म्हणाली. “मला एका डॉक्टरीण बाईंकडे नेलं होतं. विसाव्या-बाविसाव्या वर्षी. त्यांनीही हेच सगळं विचारलं होतं. मग म्हणाल्या, लग्न झालं की सगळं ठीक होईल.”

माझं वाक्य. वर्गात, खोलीत, फोनवर मी कुणाकुणाला दिलेलं. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी ते कुणीतरी माझ्या आत्याला दिलं होतं आणि ती ते नाकारून, एकटीने, कुठल्याही पुस्तकाच्या आधाराशिवाय जगून दाखवून माझ्यासमोर वाती करत बसली होती. कर्व्यांचं बाळकडू प्यायलेली मी आणि १९६०च्या दशकातल्या त्या डॉक्टरीण बाई, आमच्यात फरक एवढाच होता की त्या निदान तिला लाडू देऊन घरी पाठवायच्या तरी. (हे आत्याचंच म्हणणं. लाडू डिंकाचे होते.)

मग ती आपणहून बोलत राहिली आणि मी, पहिल्यांदाच, ऐकत राहिले. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मुली काशिनाथ घाणेकरांवर जीव टाकायच्या. ‘अश्रूंची झाली फुले’चे प्रयोग, सुटल्यावर नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी गर्दी. आत्या सगळ्यांच्या पर्सेस सांभाळत उभी राहायची. “मला नाटक आवडायचं. पण त्या सुटल्यावर काय करतात ते मला कळायचंच नाही. मला कित्येक वर्षं वाटायचं, या मुली मुद्दाम करतात. आपणही करायचं असतं, फक्त आपल्याला कुणी शिकवलेलं नाही.” एकदा तिने तसं करूनही पाहिलं. लाजली, उसासे टाकले. मैत्रिणी म्हणाल्या, अगं किती वाईट नाटक करतेस!

एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, इंजिनीअर, तिला तो माणूस म्हणून आवडलाही. “मी नाही म्हटलं. त्याची फसवणूक झाली असती. दादा चिडला. त्याला कारण हवं होतं. मी काय कारण देणार? सांगायला काहीतरी असावं लागतं ना? माझ्याकडे नव्हतं तेच सांगायचं होतं.” पुढे कुणीतरी पायलट काढला आणि तिने तो राहू दिला. पायलटमुळे स्थळं यायची थांबली.

मी तिला विचारलं, एकटं वाटलं का? ती म्हणाली, मैत्रीण गेल्यावर वाटलं. मैत्रीण इस्पितळात होती तेव्हा फॉर्मवर ‘रुग्णाशी नातं’ या रकान्यात आत्याने ‘बहीण’ लिहिलं, आणि आडनाव वेगळं कसं म्हणून तिथल्या माणसाने तिला दोनदा विचारलं. मैत्रीण वारल्यावर लोक भेटायला गेले ते मैत्रिणीच्या भाच्याकडे. आत्याकडे कोण येणार? तिचं काय गेलं होतं? मीसुद्धा भाच्याकडेच गेले होते. म्हणजे दोघी प्रेयसी होत्या असं मनात धरून बसलेली मी, आणि भेटायला जाताना मात्र रक्ताचं नातं शोधत गेले. माझी ती थोर मनातली स्वीकृती एवढ्याच किमतीची होती.

त्या दिवशी मी पालटून घरी आले, असं लिहिलं तर खोटं होईल. मी घरी येऊन वाचायला बसले ते आत्याला खोटं ठरवायला. बाईचं वय झालंय, स्मृती स्वतःला सोयीचं रचते, असं मी मनात म्हणत होते. आणि मग मला किन्सी सापडला. सापडला म्हणजे काय, तो माझ्याकडेच होता. १९४८ साली अमेरिकेत आल्फ्रेड किन्सीने पुरुषांच्या लैंगिक वर्तनावरचा ग्रंथ काढला, त्यातली शून्य ते सहा अशी पट्टी मी माझ्या वर्गात अनेकदा दाखवली होती. शून्य म्हणजे पूर्ण भिन्नलिंगी, सहा म्हणजे पूर्ण समलिंगी, आणि माणसं मधे कुठेही असतात. किती उदार वाटायचं ते सांगताना! त्या पट्टीच्या बाहेर किन्सीने आणखी एक खूण ठेवली होती: ‘एक्स’. ज्यांना कुणाबद्दलच लैंगिक प्रतिसाद वाटत नाही असे लोक. माझ्या स्लाइडवर शून्य ते सहा होतं. एक्स मी कधी घेतलाच नव्हता. कुणी लपवला नव्हता, कुणी बंदी घातली नव्हती. पट्टी नीट बसावी म्हणून मी तो गाळला होता.

पुढचं वाचन मग वेगळ्या मनाने झालं. कॅनडातले अँथनी बोगार्ट यांनी २००४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ब्रिटनमधल्या अठरा हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत सुमारे एक टक्का लोकांनी, आपल्याला कधीही कुणाबद्दलही लैंगिक आकर्षण वाटलेलं नाही, या पर्यायावर खूण केली होती. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८०च्या विकारांच्या यादीत कामेच्छेचा अभाव घातला होता. २०१३च्या आवृत्तीत त्याच संघटनेने म्हटलं की, जो माणूस स्वतःला असेक्शुअल म्हणवतो त्याच्यावर हे निदान चिकटवू नये. ते गृहस्थ माझ्याकडे आले तेव्हा हे सगळं छापून झालेलं होतं. मी वाचलेलं नव्हतं.

वाचता वाचता माझ्या डोक्यातला एक गुंताही सुटला. ब्रह्मचर्य हा निर्णय असतो, असेक्शुअल असणं हा कल असतो. इच्छा होती आणि ती गेली, किंवा नाही म्हणून जीव कासावीस होतो, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं, थायरॉइडची तपासणी मी आजही सुचवते. पण कधी नव्हतीच आणि नसण्याचा त्रास नाही, तर उपचार कशावर करायचा? शरीर व्यवस्थित काम करत असतं, ते दुसऱ्या कुणाकडे ओढलं जात नाही एवढंच. यांच्यातल्या काहींना प्रेम हवं असतं, सहवास हवा असतो, मूलही हवं असतं. काहींना यातलं काही नको असतं. काहींना फार खोल ओळख झाल्यावर क्वचित कुणाबद्दल ओढ वाटते. काही जण जोडीदारासाठी संबंध ठेवतात आणि त्यात दुःखी नसतात. ते गृहस्थ आणि आत्या ही दोन अगदी वेगळी माणसं. मी दोघांना एकाच कप्प्यात टाकलं होतं, म्हणजे माझ्या अज्ञानाच्या.

या मंडळींचं वैर कुणाशी नाही, आणि बहुधा म्हणूनच त्यांना कुणी पाहिलं नाही. त्यांच्याविरुद्ध कधी कायदा नव्हता, म्हणून तो रद्द करायची लढाई नाही, निकालाच्या दिवशीचे पेढे नाहीत. कायद्याला ते दिसतात ते लग्न मोडताना. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात नपुंसकतेमुळे शरीरसंबंध न आलेलं लग्न रद्द करून घेता येतं. २००७च्या समर घोष खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शारीरिक अक्षमता किंवा सबळ कारण नसताना दीर्घकाळ एकतर्फी संबंध नाकारणं हे मानसिक क्रौर्य ठरू शकतं. आता यात ते गृहस्थ कुठे बसतात? अक्षम ते नव्हते. आणि ‘मला वाटत नाही’ हे सबळ कारण आहे असं कोणता वकील उभा राहून सांगणार? मात्र न्यायालयाला शिव्या देऊनही मला मोकळं होता येत नाही. समोर जी बायको असते तिचं दुःख खरं असतं. तिने सहजीवनाची कल्पना केलेली असते आणि तिला कुणी काही सांगितलेलं नसतं. आत्याने इंजिनीअरला नाही म्हटलं, कारण ती सडेतोड होती आणि तिच्याकडे नोकरी होती. ज्यांच्याकडे ती नाही, त्या मुली बोहल्यावर उभ्या राहतात. मग पुढे त्यांच्यावर जे होतं त्याला त्या ‘संमती’ म्हणत नाहीत, ‘संसार’ म्हणतात. माझ्या वर्गातून अशा किती गेल्या असतील याचा विचार मी पूर्ण करू शकत नाही.

भारतात काही घडतच नाही असं नाही. डॉ. प्रगती सिंह यांनी ‘इंडियन एसेस’ हा गट उभा केला, असेक्शुअल लोकांनी एकमेकांना प्रत्यक्ष भेटावं म्हणून मेळावे भरवले, शरीरसंबंधाविना जोडीदार हवा असणाऱ्यांची गाठ घालून द्यायचा प्रयत्न केला. २०१९ साली बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव आलं. ६ एप्रिल हा दिवस २०२१पासून जगभर असेक्शुअल दिवस म्हणून पाळला जातो. मी आत्याला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, त्या दिवशी करायचं काय असतं? मला नीट उत्तर देता आलं नाही. ती म्हणाली, मग श्रीखंड आण.

कर्व्यांचं काय, असं माझ्या वडिलांच्या वयाचे एक स्नेही मला विचारतात. कर्वे असते तर आत्याशी त्यांनी वाद घातला असता असं मला वाटतं, आणि आत्याने तो मजेत घातला असता. पण शेवटी त्यांनी पुरावा पाहिला असता. ज्या माणसाने मूल न होऊ देण्याचा निर्णय घेऊन स्वतःवर शस्त्रक्रिया करून घेतली आणि लोकांनी काय म्हणायचं ते म्हणू दिलं, त्याला ‘माझ्या शरीराचं मी ठरवीन’ हे समजावून सांगावं लागलं नसतं. मी त्यांच्याकडून शरीरसुखाचा हक्क घेतला आणि तो सक्तीचा विषय करून शिकवला.

घरातल्यांना मी आत्याच्या परवानगीने हे सांगितलं. चुलतभाऊ बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, “ते ठीक आहे, पण मग त्या पायलटचं काय?” त्याला पायलट सोडवत नाही. मला त्याच्यावर हसायचा अधिकार नाही. मी आजही नव्या माणसाची ओळख झाली आणि तो चाळिशीचा अविवाहित निघाला की मन आधी कारण शोधायला धावतं. मागून मी मनाला ओढून आणते.

वर्गातलं भुकेचं वाक्य मी काढून टाकलं आहे, पट्टीवर एक्स आला आहे. त्याच्यापाशी मी थांबते, आणि दरवेळी कुणीतरी खाली बघतं. काही जण नंतर एकटे येऊन बोलतात. त्या गृहस्थांना मात्र मी शोधलेलं नाही. माझं मन हलकं करायला त्यांच्या घरात पुन्हा शिरण्याचा हक्क मला नाही. हे त्यांच्या वाचनात आलं तर त्यांनी एवढं समजावं की त्यांच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो, चालेल’ असं होतं.

वधूवर सूचक मंडळं चालवणाऱ्यांना, माझ्यासारखे वर्ग घेणाऱ्यांना आणि उपवर मुलामुलींच्या आईवडिलांना माझी विनंती आहे. तुमच्या फॉर्ममध्ये गोत्र, नाडी, मंगळ, उंची, पगार, चष्म्याचा नंबर एवढं सगळं आहे. शरीरसंबंधाची अपेक्षा काय, हे दोघांनी लग्नाआधी एकमेकांशी बोलावं असंही त्यात छापा. आणि ‘मला यातलं काहीच वाटत नाही’ असं कुणी सांगितलं तर ‘लग्न झालं की होईल ठीक’ म्हणू नका. मी म्हणत होते. होत नाही.